पारा चढला की फोन

धरणगावकडच्या आमच्या गावात, आबांच्या केळीच्या बागेला लागूनच हवामानाचं यंत्र उभं आहे. तारेच्या कुंपणात एक खांब, वर वाऱ्याने गरगरणाऱ्या तीन वाट्या, बाजूला पाऊस मोजायचं भांडं आणि छातीइतक्या उंचीवर एकावर एक पालथ्या घातल्यासारख्या पांढऱ्या बशा. त्या बशांच्या आत तापमापक असतो. त्याचा आकडा मला धुळ्यात बसून मोबाइलवर दिसतो, आणि उन्हाळाभर त्या आकड्याने माझा जीव खाल्ला.

कारण आबा, म्हणजे माझे वडील. गेल्या वर्षी त्यांना बागेत भोवळ आली. डॉक्टरांनी बजावलं, पारा बेचाळीसवर गेला की उन्हात थांबायचं नाही. आई गेल्यापासून आबा एकटेच राहतात, आणि कुणाचं ऐकतील तर ते आबा कसले! शेवटी आमच्यात ठरलं. आकडा बेचाळीसला टेकला की मी फोन करायचा, आणि त्यांनी निमूट घरी जायचं. एरवी कधी फोन केला तर ते विचारत, "काय काम शे?" काम काहीच नसायचं. मग बोलणं तिथेच आटपायचं. हळूहळू आमचं बोलणं पाऱ्यापुरतंच उरलं.

मी मुळातच उतावळी. वर्गात पोरांना गणित घालून मोबाइल बघायचा, भाकरी थापताना बघायचा. पिठाच्या बोटांनी त्याची काच पांढरी होऊन गेली होती.

मे महिन्यातल्या त्या दिवशी धुळ्यात डांबर चपलेला चिकटत होतं, आणि गावचा आकडा अडतीस. बरं झालं, म्हटलं. पण चैन पडेना. इथे अंगाची लाही होतेय आणि तिथे अडतीस? फोन करावा, तर आबा खेकसणार, अजून बेचाळीस कुठे झालं म्हणून. मोबाइल हातात घेऊन मी नुसती जिना चढत-उतरत राहिले. यंत्र चुकेल असं मनातही आलं नाही.

दुपारी शेजारच्या शेतातल्या काकांचा फोन आला. "आबा पडनात बागमा. दवाखानामा लई जाई ऱ्हायनूत."

एसटीत खिडकीशी बसून मी पुन्हा तोच आकडा उघडला. पंचेचाळीस! रडू येण्याआधी मला संताप आला. ते यंत्र उपटून फेकावंसं वाटलं.

दवाखान्यात आबांना सलाइन लावलं होतं. काकांनी बाहेरच सांगितलं, आबा यंत्राच्या कुंपणाशी पडलेले सापडले. डोकं उघडं. त्यांचा डोक्याचा रुमाल यंत्राच्या पांढऱ्या बशांना गुंडाळलेला होता, वाळून कडक झालेला. ओला होता तोवर आतला तापमापक गार राहिला, आणि मी धुळ्यात वाट बघत बसले.

आबांनी डोळे उघडले तशी मी भडकलेच. "आबा, डोक्यावरचा रुमाल त्या यंत्राला कशाला बांधला?"

आमच्याकडे या दिवसांत घड करपू नयेत म्हणून सगळ्यांवर केळीची वाळलेली पानं झाकतात. आबा सकाळपासून तेच करत होते.

"बठ्ठा घडस्वर पानं झाकात," ते सावकाश म्हणाले. "हाई एकलंच उनमा उभं व्हतं. रुमाल भिजाडी भिजाडी टाकं मी त्यावर."

"पण का?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"तपीसन बंद पडनं, ते तुना फोन कसा ई?"

यंत्र तापून बंद पडलं तर माझा फोन कसा येईल, याची काळजी! मी त्यांच्या उघड्या माथ्यावर हात ठेवला. तो अजून तापलेला होता.

आता मी रोज सकाळी फोन करते, आकडा न बघता. आबा विचारतात, "काय काम शे?" मी म्हणते, "काही नाही." आणि फोन ठेवत नाही.