दातखीळ बसली नव्हती

अन्याय झाला तो माझ्यावर. पोळ्यानंतरच्या पहिल्या आठवडी बाजारी, मुरूम गावात, ऊन डोक्यावर असताना, कर्ण्यासमोर माझं चौथं वाक्य चालू होतं तेव्हा झाला.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि मराठी मुलखाचं एकच राज्य व्हावं म्हणून आम्ही गावोगाव सभा घेत होतो. पत्रकं मी लिहायचो, भाषणंही मीच लिहायचो. माझा जोडीदार खळीची बादली धरायचा आणि भिंतींवर पत्रकं डकवायचा. त्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नव्हतं. पण उंची होती, आवाज होता, आणि तो नुसता उभा राहिला तरी लोकांचे चेहरे खुलायचे. ते मला आधीपासून सलत होतं. खोटं कशाला लिहू?

दोन-तीन महिने जबडा उघडताना माझ्या उजव्या कानापाशी कट्ट वाजत होतं. मी लक्ष दिलं नाही. त्या दुपारी घोषणेसाठी तोंड पूर्ण उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडेचना. एक बोट जाईल एवढी फट. कानापुढं जीवघेणी कळ. मी दातांतून काहीतरी पुटपुटलो. समोर सगळा बाजार माझ्याकडं बघतोय. जोडीदारानं माझ्या हातातला कागद काढून घेतला, कर्णा स्वतःकडं वळवला आणि ओरडला,

"मंडळी, काळजी करू नका! आज आमच्या वक्त्याची दातखीळ बसली, पुढच्या खेपेला सरकारची बसवू!"

बाजार हसला. कानडी बोलणारे अडते एकदा सगळ्यांबरोबर हसले आणि शेजाऱ्यानं अर्थ सांगितल्यावर पुन्हा हसले. मग त्यानं माझं भाषण वाचलं. शब्द माझे, टाळ्या त्याला.

आपल्याकडं दातखीळ बसते ती भेकडाची. सभा बघून ज्याचं पाणी पाणी होतं, त्याची. मी धाराशिवला परतलो तर तो शब्द माझ्याआधी पोचला होता. चहाच्या हॉटेलात पाऊल टाकलं की कुणीतरी म्हणायचं, "या दातखीळराव! उघडतंय का आज?"

आईनं कानात कोमट तेल सोडलं. दुखणं कानाचं नव्हतं. बाजारातल्या दात काढणाऱ्यानं अक्कलदाढेवर बोट ठेवलं.

"तोंड उघडा की पुरतं."

"उघडत नाही म्हणून तर आलोय!"

पकड आत जाईना, म्हणून दाढ वाचली. शेवटी सोलापूर गाठलं. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी माझीच बोटं माझ्या कानांपुढं ठेवायला लावली आणि जबडा हळू हलवायला सांगितला. डावीकडं हाड सरकलेलं बोटाला कळलं, उजवीकडं अडलं.

"इथं सांधा आहे. गुडघ्याला असतो तसाच," ते म्हणाले. "दोन हाडांमध्ये एक पातळ गादी असते. ती जागची सरकली की आधी आवाज येतो, मग एक दिवस हाडाच्या वाटेतच अडकून बसते. याचा भीतीशी काही संबंध नाही."

हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"दातांवर दात दाबायची सवय आहे?"

"छे!"

"आत्ता कुठं आहेत दात?"

एकमेकांवर. करकचून.

"कुणाचा विचार चाललाय?"

मी घाईनं दात सोडवले. डॉक्टर हसले. घरी आई सांगायची, झोपेत तू जातं फिरवल्यासारखे दात खातोस. मला वाटायचं, जंत असतील.

त्यांनी सांगितलं ते असं: ओठ मिटलेले, पण दात सुटे. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेक. भाकर दुधात कुस्करून, सुपारी बंद, ऊस बंद. आरशासमोर जबडा सरळ रेषेत, दुखेल तिथं थांबत उघडायचा. जोर लावायचा नाही. आणि दीड महिना भाषण नाही.

दीड महिना! तेवढ्यात जोडीदारानं तामलवाडीची सभा केली, ढोकीची केली. ढोकीहून माझ्यासाठी ऊस घेऊन आला. मी खाऊ शकत नाही म्हटल्यावर माझ्यासमोर बसून, दातांनी सालं काढत, कांडकं कांडकं खाल्लं त्यानं. कराकरा. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. माणसानं माणसाच्या जबड्याचा हेवा करावा! मी केला.

"पुढचं भाषण लिहून द्या की राव," तो म्हणाला. "तुमच्याबिगर म्या काय बोलणार?"

दिलं. मुद्दाम असे जोडाक्षरांचे शब्द घातले की त्याची जीभ अडखळावी. त्यानं ते सरळ गाळले. भाषण आणखी चांगलं झालं म्हणे.

मी मात्र डॉक्टरांचं तंतोतंत पाळलं. त्याची आठवण आली की दात सुटे करायचे. दिवसात शंभरदा करावे लागले. आधी दीड बोट, मग दोन, शेवटी तीन बोटं उभी जायला लागली. कट्ट अजून कधीमधी वाजतं; डॉक्टर म्हणाले, दुखत नसेल तर वाजू द्या.

मग मी आमच्या समितीच्या वडीलधाऱ्यांपुढं उभा राहिलो. तोंड उघडून दाखवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "पर तुम्ही लिवा. बोलायला तो हाय. ऐन सभेत फिरून दातखीळ बसली, तर लई हसं हुईल."

सांध्याबद्दल मी सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या सभेच्या पत्रकावर वक्ता म्हणून त्याचं नाव घातलं. ते पत्रकही मीच लिहिलं. शुद्ध.

तेव्हा वाचकहो, ऐका. त्या बाजारात तुम्ही हसला असाल, नसाल. पुढच्या सभेला येणार आहात ना? वक्त्याचं नाव पुकारायला माणूस उठेल, तेव्हा जागेवर उभे राहा आणि मोठ्यानं माझं नाव घ्या. त्याच्या आधी.