दोन्ही हात वर होते

डॉ. भास्करराव मोहिले यांची नि माझी पहिली गाठ कर्जतच्या दवाखान्यात पडली. मी एका मुंबईच्या पत्राचा वार्ताहर; त्यातून पाठशाळेत शिकलेला. माझ्या पोटशूळाचे निदान मी स्वतःच श्लोकांसह सांगू लागलो. डॉक्टरसाहेब म्हणाले, "शास्त्रीबुवा, जीभ दाखवा. चालवू नका."

हीच त्यांची पद्धत. रोग्याचे ऐकतात, पण विश्वास अंगावरच्या खुणांवर.

खालापूरच्या बाजूला जंगलात पोलिसांच्या गोळीने चाहू ठाकूर मेला, तेव्हा ही पद्धत साऱ्या तालुक्याने पाहिली. पोलिसांचे म्हणणे, चाहू कोयता उगारून धावून आला आणि बंदूक पाहून ऐनवेळी वळला, म्हणून गोळी पाठीत. धाकटा भाऊ बुधा त्याला सामील, असे ठरवून त्याला कोठडीत घातले होते. बुधाचे एकच पालुपद, "भाव मोळी घेऊन पुढं चालला व्हता, सायेब. कोनाच्या अंगावर गेला नाय."

शवतपासणीत पाठीवर लहान, वाटोळी जखम निघाली. छातीवर मोठी, फाटलेली. गोळी मागून शिरली, एवढे उघड झाले. पण डॉक्टरसाहेबांनी चाहूच्या अंगातली बंडीही मागवून घेतली. तिचे भोक जखमेवर बसेना. चांगली चार बोटे खाली येई.

मी सहज भेटायला गेलो आणि सापडलो. माझ्या कोटाच्या पाठीवर त्यांनी खडूची खूण केली नि म्हणाले, "हात वर करा." एक हात वर केला, तर कोट तिरका ओढला गेला. दोन्ही केले, तेव्हा खूण सरळ चार बोटे वर चढली. चाहूच्या बंडीचे भोकही जखमेच्या बरोबर खाली होते, जरासुद्धा तिरके नव्हते.

"म्हणजे तो शरण येत होता!" मी म्हणालो. मथळासुद्धा मनात जुळला होता.

"दोन्ही हात वर होते नि पाठ बंदुकीकडे होती. हात कशासाठी वर होते, ते तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मीही नाही. मग लिहू नका."

बंडीचा उल्लेख गाळावा, असे सुचवायला फौजदारसाहेब येऊन गेले. त्यांना चहा मिळाला.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारले, "कोयता दोन्ही हातांनी उगारला नसेल कशावरून?"

"उगारला असेलही. पण तसा उगारणारा माणूस मी या तालुक्यात पाहिलेला नाही. डोक्यावरची मोळी दोन्ही हातांनी धरणारे रोज पाहतो."

"म्हणजे मोळी होती?"

"ते प्रेताने सांगितले नाही."

आमच्या, म्हणजे बुधाच्या, बाजूचे लोक या उत्तरावर चिडले. मीही थोडा चिडलो. पण मॅजिस्ट्रेटांनी बुधाला सोडले ते याच साक्षीवर. जो माणूस इतके कमी सांगतो, त्याचे खोडायचे तरी काय? गोळी झाडणाऱ्या शिपायाची फक्त बदली झाली. डॉक्टरसाहेबांची बढती मात्र पुष्कळ वर्षे रस्ता चुकली.

एक गोष्ट कोर्टात आली नाही. तपासणी झाल्यावर त्यांनी चाहूचे अंग स्वतः धुतले, टाके नीट घातले, आपले धुतलेले धोतर वर घातले आणि मगच आप्तांना बोलावले. पहाऱ्यात आणलेल्या बुधाला ते म्हणाले, "ये रं, तोंड बघून घे. त्याला आता दुखत नाही." दोन्ही पक्षांना तोलूनमापून बोलणाऱ्या या गृहस्थांनी पुराव्याविना केलेले हे एकच विधान माझ्या ऐकण्यात आहे.

आज त्यांची साठी. त्यांना उदंड नि निरोगी आयुष्य लाभो. दुसऱ्यांचे ताप, खोकला, बाळंतपणे यांतच ते जावो. आणि गोळीने मेलेल्या माणसाची बाजू मांडण्याची पाळी त्यांच्यावर पुन्हा कधीही न येवो.