तीन नंबरचं दार

संगीतसभागृहाच्या तीन नंबरच्या दाराशी एकोणीस वर्षं उभ्या असलेल्या बाईला तिथले सगळे चिडीचूपबाई म्हणत. तोंडावर ‘ताई’, पाठ वळली की चिडीचूपबाई. तिला हे पक्कं ठाऊक होतं. राग वगैरे भानगडी तिने केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नसे. कशी आहेस म्हणून कुणी विचारलं की ती “ठीक” म्हणायची आणि ते खोटं नसायचं. ती ठीकच्या वर जात नसे आणि खालीही येत नसे.

काम तसं सोपं. कार्यक्रम सुरू झाला की दार लावायचं आणि बाहेरच्या बाजूने उभं राहायचं. दारावरचा लाल दिवा लागला की मग कुणी कितीही मोठा असो, आत सोडायचं नाही. उशिरा आलेले लोक विनवण्या करत, घड्याळ दाखवत, एक-दोघे तर अंगावर धावून आले होते. ती सगळ्यांना एकच सांगायची, “कार्यक्रम चालू आहे. संपला की उघडते.” मध्येच कुणाला खोकला आला तर दार किलकिलं करून त्याला खुणेने बाहेर घ्यायचं आणि गोळी द्यायची. गोळीचा कागद आत चुरचुरला म्हणून एकदा तक्रार झाली होती. तेव्हापासून ती दर संध्याकाळी शंभर गोळ्या आधीच सोलून वाटीत ठेवायची. बुटांचे तळवे रबराचे, किल्ल्यांचा जुडगा रुमालात बांधलेला. ती पाठीमागे येऊन उभी राहिली तरी माणसाला पत्ता लागत नसे.

आत वाजे ते तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. व्हायोलिन, चेलो, लाकडी बासऱ्या आणि हार्पसिकॉर्ड. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोची थोरली, जरा तिरसट बहीण. ऐकायला येणारी मंडळीही त्याच वळणाची. एका रचनेचे तीन-चार भाग असतात, आणि एक भाग संपला म्हणून टाळी वाजवायची नसते, अगदी शेवटी वाजवायची, हे त्यांना आईच्या पोटातूनच माहीत असावं. एखाद्या नवख्याने बिचाऱ्याने आनंदाच्या भरात मध्येच टाळी दिली की चाळीस माना गर्रकन वळत. तो माणूस पुन्हा दिसत नसे.

चिडीचूपबाईने हे सगळं ऐकलं ते चार बोटं जाडीच्या लाकडातून. चेलोचा घुमारा तेवढा बाहेर यायचा, बाकीचं दारातच अडकायचं. प्रत्येक रचना ती शेपटावरून ओळखायची, कारण शेपूट आलं की कडीवर हात ठेवायचा असे.

घरी धाकटा भाऊ होता. वय त्रेचाळीस, अंगाने वाढला, समजेने मात्र पाच-सहा वर्षांचा असतानाच थांबला. आई गेल्यावर तो हिच्याकडे आला आणि मग हिच्या लग्नाचा विषय कुणी काढला नाही. धाकट्याला आनंद झाला की तो गुणगुणायचा. तोंड मिटून, नाकातून, भुंग्यासारखं. सूर मात्र पक्का. एकदा ऐकलेलं गाणं तो जसंच्या तसं घुमवायचा, आणि लहानपणी गल्लीतल्या बायका त्याला मुद्दाम खिडकीखाली उभा करून ऐकत.

नोकरी लागून दीड महिना झाला होता, तेव्हा तिने त्याला एकदा सभागृहात नेलं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी शेवटच्या रांगेत दोन जागा असत. दुसरा, संथ भाग सुरू झाला आणि धाकट्याला आनंद झाला. चाळीस माना वळल्या. ओळखीची गुणगुण ऐकून तिने दार किलकिलं केलं, तर सभागृहाचे तेव्हाचे साहेब उठून उभे राहिले होते आणि धाकट्याकडे न बघता थेट तिच्याकडे बघत होते. तिने धावत जाऊन भावाला दंडाला धरून बाहेर ओढलं, भिंतीशी उभं केलं आणि त्याच्या तोंडावर पंजा दाबला. “आवाज केलास तर ताईची नोकरी जाईल! कळलं? नोकरी जाईल!”

त्याला कळलं. एवढी एक गोष्ट त्याला आयुष्यात अगदी नीट कळली.

त्यानंतर तो तिच्यासमोर गुणगुणला नाही. आधी तिला वाटलं, रुसलाय. मग रुसव्याचे महिने झाले. एक दिवस जिन्यात शेजारीण म्हणाली, “तुमचा भाऊ दिवसभर काय गोड गुणगुणत असतो हो! माझं काम कसं पटापट उरकतं.”

“हो का?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लवकर घरी आली. जिन्यातूनच आवाज ऐकू आला. तिने कुलपात किल्ली घातली आणि आवाज थांबला. आत धाकटा खुर्चीवर बसला होता, तोंडावर पंजा, डोळ्यांत हसू. जणू त्याने तिची केवढी मोठी वस्तू सांभाळून ठेवली होती.

“अरे, गा की. घरी कुणी काही म्हणत नाही,” तिने शंभरदा सांगून पाहिलं. तो मान हलवायचा. मग तिने सांगणं सोडलं. रोज संध्याकाळी ती स्वतःच्याच दाराबाहेर हातात किल्ली धरून दोन मिनिटं उभी राही आणि मग किल्ली घाली. आत गुणगुणणं थांबे. जीव तुटायला हवा होता. तो तुटत नसे. ती आत जाऊन बटाटे चिरायला घेई.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि नव्या मॅडम आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांची हजेरी घेतली. “अर्धं सभागृह रिकामं असतं. जे येतात ते एकमेकांपेक्षा म्हातारे. हे संगीत म्हणजे काय कपाटातलं काचसामान आहे? ज्यांना आपण आजवर हाकललं त्यांना आता बोलवायचं.” बैठकीत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

ठरलं ते असं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी खुला कार्यक्रम. दिवे अर्धे चालू. तान्ही बाळं, चाकाच्या खुर्च्या, जागेवर डोलणारे, मोठ्याने बोलणारे, सगळे चालतील. वाटेल तेव्हा टाळी, वाटेल तेव्हा बाहेर, वाटेल तेव्हा परत आत. दारं सताड उघडी. चिडीचूपबाईच्या हातात मॅडमनी एक लाकडी पाचर दिली. लोकांनी दुसऱ्यांच्या कामात पाचर मारलेली तिने पुष्कळ पाहिली होती, दाराखाली मारायची ही पहिलीच.

दारावरच्या लोकांची तालीमही झाली. हसायचं आणि म्हणायचं, “या, बसा, आवाज झाला तरी चालेल.” तिने वाक्य अगदी स्पष्ट म्हटलं. फक्त म्हणताना तिचं उजवं बोट आपोआप ओठांवर गेलं. सगळे हसले. पुन्हा म्हटलं, पुन्हा बोट वर. चौथ्यांदाही तेच झालं तेव्हा मॅडमनी तिच्या दोन्ही हातांत गोळ्यांचा मोठा ट्रे दिला. “ताई, हा खाली ठेवायचा नाही. आणि गोळ्या कागदासकट.”

“कागद चुरचुरतात, मॅडम.”

“चुरचुरू देत.”

मॅडमनी शेवटी सांगितलं की प्रत्येकाने घरचं असं एक माणूस आणावं, जे एरवी इथे आलं नसतं. तिच्या तोंडून पटकन निघालं, “माझा भाऊ.” नंतर तिला आपल्याच बोलण्याचं नवल वाटलं. तो जर कुठे तिच्यासमोर पुन्हा गुणगुणला, तर तो इथेच गुणगुणेल, जिथे ते बंद पडलं तिथेच. एवढंच तिला हवं होतं. कितीतरी वर्षांत काहीतरी हवं असण्याची तिला सवय राहिली नव्हती. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही.

रविवारी तिने धाकट्याला इस्त्रीचा शर्ट घातला. तिसऱ्या दाराजवळच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः ट्रे घेऊन उघड्या दारात उभी राहिली. लोक आले. बाळं आली, काठ्या आल्या, एक आजोबा पायऱ्या मोठ्याने मोजत आले. पहिला भाग संपताच पुढच्या रांगेतल्या बाईने कडकडून टाळ्या वाजवल्या आणि एकही मान वळली नाही. चेलोवाला उलट तिला वाकून नमस्कार करता झाला. एका बाळाने भोकाड पसरलं, गोळ्यांचे कागद चुरचुरले. एकोणीस वर्षांत जे लाकडात अडकलं होतं ते सगळं आज तिच्या कानांवर येत होतं, आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती भावाकडे बघत होती.

पहिल्या सुराबरोबर धाकट्याचा पंजा तोंडावर गेला तो तासभर तिथेच राहिला. संथ भाग आला तेव्हा तो मागेपुढे डोलू लागला. डोळे भरले, गाल लाल झाले, आणि पंजा आणखी घट्ट दाबला गेला.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम खूश होऊन आल्या. “ताई, हा तुमचा भाऊ ना? काय शहाणा आहे! अख्ख्या सभागृहात सगळ्यांत शांत तोच बसला होता.”

“हो,” ती म्हणाली.

लोक गेले. वादकही गेले. तिने ट्रे खाली ठेवला आणि धाकट्याशेजारच्या खुर्चीवर बसली. आतल्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत होती. “झालं रे. काढ आता हात.”

त्याने हात काढला. तळव्यावर दातांच्या खुणा होत्या, दोन ओळी, खोल.

“अरे, आज चालत होतं,” ती म्हणाली. “सगळे आवाज करत होते की नाही? कुणी कुणाला काही बोललं?”

धाकट्याने तिच्याकडे बघितलं आणि मठ्ठ माणसाला समजवावं तसं शांतपणे सांगितलं, “त्यांची ताई इथे नोकरीला नाही.”

ती काहीतरी बोलायला गेली आणि तोंडातून भलताच आवाज निघाला. रडणंच होतं ते, पण इतकी वर्षं वापर नसल्याने गंजलेल्या बिजागरीसारखं. तिला ते आवरेना. धाकटा घाबरला. त्याने तोच ओला तळवा तिच्या तोंडावर ठेवला. “शू. नोकरी जाईल ना.”

मग त्याने उघड्या दाराकडे बघितलं. उठला, दाराशी गेला, वाकून पाचर ओढून काढली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली, हलवून पाहिली. परत येऊन पाचर तिच्या मांडीवर ठेवली, खुर्चीत नीट बसला आणि तोंड मिटून गुणगुणायला लागला. आजचा तो संथ भाग, पहिल्यापासून.

अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात बाहेरून दार ढकललं गेलं. धाकटा थांबला. त्याचा हात वर निघाला.

“ताई? आत आहात का?” मॅडमचा आवाज होता. “दार का लावलंय?”

तिने भावाचा हात धरून खाली घेतला.

“कार्यक्रम चालू आहे, मॅडम,” ती जागेवरूनच मोठ्याने म्हणाली. “संपला की उघडते.”

दार पुन्हा ढकललं गेलं नाही. धाकट्याने थोडा वेळ दाराकडे बघितलं, थोडा वेळ तिच्याकडे, आणि मग जिथे थांबला होता तिथून पुढे गुणगुणू लागला.