साडूची लांबलचक किल्ली

माझ्या साडूची किल्ली माझ्या किल्लीपेक्षा लांब होती. हे दुःख ज्याला साडू आहे त्यालाच कळेल.

लातूरच्या एकाच क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो आणि साडू, म्हणजे विलासराव, केमिस्ट्री. (आले नांदेडहून, आणि पोरं सगळी त्यांच्याच मागे!) क्लासने ऑनलाइन परीक्षेचा प्रोग्रॅम काढला. त्याचा कोड दूरच्या सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, प्रश्नपत्रिकाही तिथेच टाकायच्या. जो पेपर टाकेल त्याचं नाव पोरांना ठळक दिसणार! मला ते नाव हवं होतं, साडूच्या नावाच्या वर.

हा सगळा कारभार माझ्या बायकोकडे. सुनंदा कॉम्प्युटर शिकवते. त्या कोठारात शिरायला तिने प्रत्येक मास्तराला लॅपटॉपवर किल्ल्यांची, म्हणजे पासवर्डसारख्या लांब मजकुरांची, जोडी काढायला लावली.

"नीट ऐका. एक किल्ली ग्रुपवर टाका, ती जगानं बघितली तरी चालतंय. दुसरी कुणालाच द्यायची न्हाई. मला बी न्हाई!"

क्लासच्या ग्रुपवर विलासरावांची किल्ली आली. अबब! अक्षरं, आकडे, पुन्हा अक्षरं. मोबाइल भरून गेला. मग माझी आली. दीड ओळ!

"सर, येवढीच?" गणिताच्या सरांनी विचारलं.

मी तडक स्वयंपाकघरात. "दाजींना लांब आणि नवऱ्याला आखूड?"

"अहो, दाजींनी जुन्या पद्धतीची काढली. तुमची नवी हाय, आखूड पण पक्की. जळून राहिले का तुम्ही?"

"मी? छे!"

जळत होतो. नुसता धूर निघायचा बाकी होता! लॅपटॉप उघडला, तर ती दुसरी किल्ली विलासरावांपेक्षाही दोन ओळींनी मोठी. आता, 'कुणालाच द्यायची नाही' याचा अर्थ लातूरच्या मास्तराला का सांगावा लागतो? आमच्याकडे जे कुणालाच देत नाहीत तेच सगळ्यात भारी असतं. स्पेशल बॅचच्या नोट्स घ्या! मी ती किल्ली ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'ही बघा!'

पहिला फोन साडूचाच. "पाव्हणं, घराची किल्ली चौकात टांगली की वो! आता कुणी बी तुमच्या नावानं आत शिरंल. उद्याचा पेपर हाय तिथं!"

सुनंदा पिठाच्या हातांनी धावत आली. माझी किल्ली रद्द, उद्याचा पेपर रद्द, आणि ग्रुपवर माझी अब्रूही रद्द.

"मग नवी किल्ली काढू?" मी हळूच विचारलं.

"काही नको! तुमचे पेपर दाजी टाकतील."

झालं! पेपर मी काढायचा, नाव विलासरावांचं. पुढच्याच आठवड्यात औशाचे एक पालक भेटले.

"सर, फिजिक्सचा पेपर लई भारी निघाला विलासराव सरांचा! तुमची वळख हाय का त्यांच्याशी?"

"साडू आहेत माझे," मी दात-ओठ खात म्हणालो.

"मंग काय! येवढा हुशार माणूस घरातच हाय. तुम्ही बी त्यांच्यापाशी बसून थोडं फिजिक्स शिकून घ्या की!"

बसतोय. दर रविवारी, माझाच पेपर घेऊन, त्यांच्यापाशीच बसतोय!