परदेशी पाहुणी

माझा जन्म मॉरिशसचा. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले ते तिथलेच झाले, आणि मी लग्न करून उलट इकडे आले, तीही थेट चेन्नईला. नवरा मूळचा पुण्याचा, शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात इंजिनिअर. व्हिसाची मुदत वाढवण्यासाठी दर खेपेला रांगेत उभं राहायचा मला वीट आला होता. एकदाचं भारताचं नागरिकत्व घेतलं की कटकट मिटेल, असं मीच म्हटलं. कुणी मागे लागलं नव्हतं. त्यामुळे पुढे चिडायलाही कुणी उरलं नाही.

अर्ज मान्य झाल्याचं पत्र आलं. त्यात अट होती: आधी जुनं नागरिकत्व सोडा, त्याचा पुरावा द्या, मग शपथ आणि प्रमाणपत्र. मी सोडलं, पासपोर्ट परत करून आले. सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. आईला काचबिंदू होताच. आता एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं आणि दुसऱ्याचीही खात्री डॉक्टर देत नव्हते. मग आई फोनवर आली. आमच्याकडे क्रिओल आणि जुनी कोकणी वळणाची मराठी यांची खिचडी चालते. त्या दिवशी ती निव्वळ मराठीत बोलली.

"दिसतंय तवर येऊन जा गो."

जाऊ कशी? जुना पासपोर्ट गेला होता, आणि नवा मिळायला आधी भारतीय व्हायला हवं होतं. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. कचेरीत खेटे घालू लागले. खिडकीतल्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, याचाच जास्त त्रास व्हायचा. नाहीतर भांडता तरी आलं असतं. "फाइल दिल्लीत आहे अम्मा, कोंजम वेट पण्णुंगा," थोडं थांबा म्हणून त्या हसून सांगायच्या. मीही मान डोलवायची आणि घरी यायला अण्णा नगरची बस धरायची.

घराचं दार उघडंच असे, तरी मला कोंडल्यासारखं होई. शेजारीण दोन दिवस सिंगापूरला जाऊन आली आणि चॉकलेटं देऊन गेली. मी ती तोंडात घातली नाहीत. सासूबाई म्हणायच्या, धीर धर, सबुरीचं फळ गोड असतं. ज्याला कधी वाट बघावी लागली नाही, त्यानेच ही म्हण काढली असणार.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. आधी आई फोन नाकाजवळ नेऊन माझ्या साडीचा रंग ओळखायची. मग ओळखायचं सोडून विचारायला लागली. एकदा सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बोलत होतो, तर म्हणाली, "दिवा तरी लाव गो, अंधारात काय बसलीस?" माझ्यामागे खिडकी सताड उघडी होती. मी उठले आणि दिवा लावला.

शेवटी शपथेचं बोलावणं आलं. सासूबाईंनी टी. नगरहून आणलेली नवी साडी नेसून गेले. शपथ वाचून व्हायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. प्रमाणपत्र हातात पडताच पासपोर्टचं विचारलं. त्याला पुन्हा अर्ज, पुन्हा पोलिसांची चौकशी, पुन्हा थांबणं. मी तिथेच जिन्यात बसून रडले, आणि रागाने रडले. भावाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "तू राहू दे. मीच आईला घेऊन येतो."

विमानतळाच्या दारातून आई त्याचा हात धरून बाहेर आली. मी समोर उभी होते, आणि ती माझ्या शेजारच्या बाईकडे बघून हसली. मी हाक मारली तेव्हा वळली. माझ्या गालांवरून हात फिरवून म्हणाली, "जाड झालीस."

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी आठवण केली: परदेशी माणूस घरी उतरलं की लगेच सरकारला कळवावं लागतं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा माझी नोंद त्यांनीच केली होती. आता करायची पाळी माझी. मी कॉम्प्युटरसमोर बसले. आई शेजारी, माझा पदर मुठीत धरून. तिचं नाव लिहिलं. देश मॉरिशस. उतरण्याचं ठिकाण, माझं घर.

"काय लिहितेस?"

"तू इथे कशाला आलीस, ते विचारलंय."

"मग लिही की," आई म्हणाली, "मुलीला बघायला."