सही आधी, पैसे मागाहून

माझी धाकटी बहीण आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती कर्वेनगरच्या काकूंमुळे. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला संताप येतो आणि संतापात उपकार मागे राहून जातात.

मी आठवीतून शाळा सोडलेली, यवतमाळकडची. राहायला वारज्यात, सकाळी काकूंकडे पोळ्या, मग दोन बस बदलून खराडीला एका आयटी कंपनीत साफसफाई. पगार मात्र कंपनी देत नसे, ठेकेदार द्यायचा. महिनाअखेरीला त्याचा सुपरवायझर व्हाउचरांचा गठ्ठा घेऊन पँट्रीत यायचा, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सह्या घ्यायचा आणि जायचा. पैसे आठ-दहा दिवसांनी. व्हाउचरवर छापलेलं असे, 'वरील रक्कम मला अदा करण्यात आली.' वाचता येत होतं मला. अदा म्हणजे पगाराचाच काहीतरी सरकारी शब्द, एवढंच कळलं. आणि आमच्याकडे कापूस घातला की आधी चिठ्ठी मिळते, चुकाऱ्याचे पैसे मागाहून. इथंही तीच रीत असेल म्हणून मी निवांत. चिठ्ठी आपल्या हातात राहते आणि व्हाउचर त्यांच्या, हा फरक तेव्हा डोक्यात आला नाही.

दोन महिने सह्या झाल्या, पैसे आले नाहीत. मग ठेकेदारच बदलला. त्याच आठवड्यात बहिणीचा फोन. मंगळवारपर्यंत फी नाही भरली तर जागा दुसरीला जाईल, आणि माझ्या त्या दोन पगारांवरच तिची फी ठरलेली.

जुन्या ठेकेदाराच्या ऑफिसात गेले तर सुपरवायझरने माझ्याच दोन सह्या माझ्यापुढे ठेवल्या. "ताई, मिळाले म्हणून तुम्हीच लिहून दिलंय ना?" कंपनीतल्या मॅडम म्हणाल्या, तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या दोन पोळ्या करपल्या. काकू कोषागारातून निवृत्त झालेल्या, सगळी नोकरी बिलं तपासण्यात गेली. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. एरवी मला अगं-तुगं करणाऱ्या काकू राग आला की आपण म्हणतात.

"मंजूर म्हणजे कुणीतरी हो म्हणालं. देय म्हणजे अजून द्यायचंय. अदा म्हणजे हातात पडलं, विषय संपला. आणि आपण हातात काही नसताना विषय संपवून आलात. दोनदा."

मला त्यांचाही राग आला. आठवीपर्यंतच्या पुस्तकांत पैसे देण्याचे हे तीन शब्द कुणी शिकवले होते? पण त्यांनी तिथंच बसून कामगार कार्यालयासाठी अर्ज लिहिला. त्या अर्जाला अजून तारखाच मिळतात. मी खाडा करून जाते, समोरचा येत नाही, पुढची तारीख घेऊन परत येते. माझी सही खरी आहे, एवढंच तिथं सगळ्यांना मान्य आहे.

सोमवारी काकू बँकेत जाऊन आल्या. ओट्यावर पाकीट ठेवलं. माझे हात पिठाचे. कुणाचं फुकट घेतलं असं होऊ नये म्हणून मी घाईने हात पुसले, त्यांच्या डायरीत लिहिलं, 'रक्कम मला अदा झाली,' आणि सही करायला वाकले. त्यांनी पेन काढून घेतलं.

"आधी मोज."

मोजले. पुन्हा एकदा मोजले. मग त्यांनी पेन परत दिलं.

फी वेळेत भरली. काकूंचं अजून एक पैसाही माझ्याकडून परत गेलेला नाही. विषय काढला की म्हणतात, पोळ्या पातळ लाट. पण काकू, मी फेडणार आहे, तुमच्या ओट्यावर, नोट नोट तुमच्या हातात मोजून. सही तुम्ही त्यानंतरच करायची.