स्लॅब भरला त्या दिवशी

माझा स्वभाव मुळातच उतावळा, आणि त्यात बोईसरच्या त्या उन्हाळ्यात आमच्या खोलीच्या दारासमोरच डोंगराकडच्या बाया धरणं धरून बसल्या. साठीचं दशक सरत आलं होतं, तारापूरच्या बाजूला जिकडेतिकडे बांधकामं निघाली होती. आम्ही साताऱ्याकडचे. हे एका ठेकेदाराकडे हजेरी लिहीत, म्हणून आम्हाला पत्र्याची खोली मिळालेली आणि दारात पाण्याचा टँकर यायचा.

समोर बांबूंवर गोणपाट टाकून तीसेक बाया पोराबाळांसकट बसलेल्या. मागणी साधी होती. बाहेरून आणलेल्या टोळीतल्या बायांना मजुरी जास्त, वर राहायला खोल्या. ह्यांना मजुरी कमी आणि उघडं माळरान. "घमेला एक, मजुरी एक" असं त्या दिवसभर ओरडत. समुद्रकाठच्या नवापूरहून सुकट विकायला येणारी कोळीण परत जाताना मूठभर सुकट त्यांच्यात टाकून जाई. मी मात्र दार लोटायची, उघडायची, पुन्हा लोटायची. त्यांचं खरं आहे हे मला कळत होतं. हे म्हणत, "तू त्यात पडू नकोस. आपण ठेकेदाराचं खातो." मग मी भांड्यांवर राग काढायची.

त्यांच्यातली एक उंच, काटक बाई सगळ्यांच्या वतीने बोलायची. एकदा ती पाणी मागायला आली. मी कळशीभर दिलं खरं, पण देताना कोणी बघत नाही ना म्हणून चहूकडे पाहिलं. तिने ते पाहिलंच.

सहाव्या दिवशी ठेकेदाराने त्या बायांच्या नजरेसमोरच्याच इमारतीचा स्लॅब बाहेरच्या टोळीच्या जोरावर भरायला काढला. स्लॅब एकदा सुरू केला की थांबवता येत नाही. मध्येच सोडला तर तिथे सांधा राहतो आणि केलेलं वाया जातं. समोरच्या बायांना हे पक्कं ठाऊक होतं, असे कितीतरी स्लॅब त्यांनीच भरले होते. हात कमी पडले की आपल्याला बोलवावंच लागणार, ह्या भरवशावर त्या बसल्या होत्या. झालंही तसंच. दुपारी टोळीतल्या दोघी भोवळ येऊन पडल्या, घमेली वाहणाऱ्यांची रांग तुटली, कालवलेला माल घट्ट व्हायला लागला.

हे धावत घरी आले. चेहरा पांढराफटक.

"चल, घमेलं उचल. सगळ्या खोल्यांतल्या बायका निघाल्यात. स्लॅब बिघडला तर आधी माझी नोकरी जाईल."

"आणि त्या समोर बसल्यात, त्यांचं काय?"

"त्यांचं त्या बघतील."

मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, कोणाला ते अजून ठरवता आलेलं नाही, आणि पदर खोचला.

पहिलंच घमेलं डोक्यावर घेतलं तर कड टाळूत रुतली आणि माल डोळ्यांवर ओघळला. समोरच्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या गप्प बघत होत्या. ती उंच बाई उठली आणि सरळ माझ्यापर्यंत आली. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसावी असंच वाटत होतं. तिने आपल्या फडक्याची चुंबळ माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि वर घमेलं ठेवलं.

"अशी नाय उचलायची, बाई. मान मोडल तुजी."

एवढं बोलून ती परत जागेवर जाऊन बसली.

मी तिथेच घमेलं टाकून द्यायला हवं होतं. नाही टाकलं. दिवस मावळायच्या आत स्लॅब भरून झाला.

अंगावरचं सिमेंट न धुताच मी चुंबळ द्यायला गेले. गोणपाटं उतरवणं चाललं होतं.

"उठलात का?" मी मूर्खासारखं विचारलं.

"भरला ना स्लॅब?" तिच्या आवाजात राग नव्हता. "आता आमची गरज कोनाला हाय?"

मी चुंबळ पुढे केली. तिने हात लावला नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उद्या पन लागल तुला."